आत्म्याची झडती

मित्रांनो, आत्म्याला जात नसते असं आपल्याला पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. ज्यांनी सांगितलं त्यांनीच आत्म्याला पावलोपावली जात विचारली. याचा पुरावा शोधायला काशीला जायला नको. तो आपल्या कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटावर पडलेला आहे. तो उचलून उजेडात धरायचा म्हणून हा लेख.

आता कुणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या नाहीत, अत्याचाराच्या केसा कोर्टात लोळत पडल्यात, आणि तुम्ही आत्म्याचं काय घेऊन बसलाय? माझं उत्तर असं की आपल्याच वस्तीत काय चाललंय ते बघा. दारावर 'जयभीम', भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. घरात कुणी गेलं की बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होतं, सगळं रीतसर. आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला घाटाच्या कडेला कुणीतरी गुपचूप भाताचा गोळा ठेवतं. मग चार शिकलेली माणसं आभाळाकडं बघत उभी राहतात, कावळा कधी शिवतोय म्हणून.

अशाच एका वेळी मी एका आजीला विचारलं, "आजी, कावळ्याला कसं कळतं?" ती म्हणाली, "त्येला कळतंय का न्हाई ते तू नगं सांगू. न्हाई शिवला तर लोक आमास्नी इचारत्यात, म्हाताऱ्याची काय इच्छा ऱ्हायली हुती म्हनून."

मला हे उत्तर कुठल्याही भाष्यकारापेक्षा खरं वाटतं. कावळा मेलेल्यासाठी शिवायचा नसतो, लोकांसाठी शिवायचा असतो. मेलेल्याची चावी ज्याच्या कमरेला, जिवंत माणूस त्याच्या मुठीत. एवढं सूत्र धरून इतिहासाकडं बघू.

आधी ग्रंथ. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात, मेल्यावर जीव कुठं जातो याचा हिशोब मांडलाय. चांगल्या वर्तनाचे जीव ब्राह्मणाच्या, क्षत्रियाच्या, वैश्याच्या पोटी जातात. वाईट वर्तनाचे कुत्र्याच्या, डुकराच्या नाही तर चांडाळाच्या पोटी. कुत्रं, डुक्कर आणि चांडाळ, एका रांगेत! म्हणजे एखादं पोर गावकुसाबाहेर जन्मलं की चौकशी संपली. गुन्हा मागच्या जन्मी झाला, साक्षीदार कुणी नाही, आरोपीला आठवत नाही आणि शिक्षा मात्र चालू.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा जुने कपडे टाकून नवे घालतो. ऐकायला बरं वाटतं. पण मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळानं अंगावर काय घालावं? मेलेल्यांचे कपडे. तिकडं आत्मा कपडे बदलतोय आणि इकडं आमचा जिवंत माणूस मढ्याचा कपडा नेसतोय. ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हती. गावगाड्यात मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा महारानं, सरणाची लाकडं वाहायची महारानं, आणि त्याबद्दल हक्क म्हणून मढ्यावरचं कापड उचलायचं महारानं. गावातल्या प्रत्येक मरणात आमची पावलं होती. मंत्र म्हणायला तोंड तेवढं दुसऱ्याचं होतं. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली, तेव्हा जळालं ते हे कापडसुद्धा.

आता राजवाड्याकडं जाऊ, कारण हा प्रश्न राजालाही सुटला नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस. परक्या मुलखात दहन करायचं कसं? शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते तिथं चिता पेटली. पंचगंगा नव्हती, प्रयाग नव्हतं. तरी संगम सापडला! १८७४ साली त्या जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. तो अजून तिथं आहे आणि जवळच्या पुलालाही त्याच्यावरनं नाव पडलंय. राजाच्या आत्म्यासाठी शास्त्र समुद्र ओलांडून जातं, इटालियन नदीचं तीर्थ करतं. आमच्या माणसाला मात्र गावातल्या स्मशानात जागा देताना तेच शास्त्र वीतभर सरकत नव्हतं.

पुढचं बघा. राजाराम महाराजांच्या मागं दत्तक आला. तेही, चौथे शिवाजी महाराज, इंग्रजांच्या कैदेत अहमदनगरला २५ डिसेंबर १८८३ रोजी गेले. पुन्हा दत्तक. कागलच्या घाटग्यांच्या घरातला नऊ वर्षांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक बसला आणि शाहू छत्रपती झाला. दत्तकाचं मूळ कारण धर्मशास्त्र काय देतं? गादीचा कारभार हे नंतरचं. आधी, मेलेल्या बापाला पिंड आणि पाणी द्यायला पुत्र पाहिजे, नाही तर तो नरकात लोंबकळतो.

यातली गंमत ध्यानात घ्या. एका विधीत पोराचा बाप बदलला, कूळ बदललं, नाव बदललं. घाटगे होता, भोसले झाला. 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर एका सकाळीत बदललं आणि सगळ्या शास्त्र्यांना ते चाललं. मग महाराचं पोर शिकून बॅरिस्टर झालं तरी महारच कसं राहतं? ओळख बदलता येते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुणाची बदलायची, हे ठरवायचा हक्क त्यांना सोडायचा नव्हता.

पण हाच यशवंतराव पुढं त्यांच्या अंगलट आला.

१८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. बरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. मंत्र म्हणणारा भट पुराणोक्त मंत्र म्हणतोय, वेदोक्त नाही, हे शास्त्र्यांनी दाखवून दिलं. महाराजांनी विचारलं, असं का? उत्तर मिळालं की वेदोक्त द्विजांना, शूद्राला पुराणोक्त. पाण्यात उभा असलेला माणूस छत्रपती शिवाजी महाराजांच्या गादीवर बसलेला, आणि त्याच्याच पगारावर जगणारा भटजी त्याला शूद्र म्हणतोय. पाणी एकच, थंडी एकच, अंग एकच. मंत्र तेवढा जात बघून.

यातून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. टिळकांनी १९०१ साली 'केसरी'तून या मागणीवर टीकेची झोड उठवली. राजोपाध्ये वेदोक्त करायला तयार होईनात. महाराजांनी १९०२ साली त्यांचं इनाम खालसा केलं. राजोपाध्ये इंग्रज सरकारच्या वरच्या पायरीपर्यंत अपील करत गेले, पण निकाल महाराजांच्या बाजूनं राहिला.

आपण भक्तांसारखं वाचायचं नाही, कार्यकर्त्यासारखं वाचायचं. म्हणून सांगतो, वेदोक्ताची मागणी आपली मागणी नव्हती. महाराज म्हणत होते, मी क्षत्रिय आहे, मला माझ्या पायरीचा मंत्र द्या. शिडी मोडा, असं त्यात नव्हतं. पण त्या अपमानानं महाराजांना एक गोष्ट शिकवली की मंत्राच्या आडून हुकूमत चालते. ते तिथं थांबले नाहीत. १९०२ च्या २६ जुलैला मागासलेल्यांना संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा. १९११ ला कोल्हापुरात सत्यशोधक समाज. १९१७ ला सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण. १९१८ ला महार वतन रद्द. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एका शाळेत. १९२० ला मराठा पुरोहित तयार करायची शाळा आणि पाटगावच्या मौनी मठावर क्षात्रजगद्गुरू. मंत्रासाठी भांडायला उठलेला राजा वतनाच्या मुळावर घाव घालेपर्यंत आला.

वेदोक्ताच्या नऊ वर्षं आधी पुण्यात जोतीरावांनी याच प्रश्नाला वेगळा हात घातला होता. त्यांनाही मूल नव्हतं. त्यांनीही दत्तक घेतला, पण कुणाचा? फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत. आपल्या मयताला ब्राह्मणाची सावलीसुद्धा नको, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. टिटवं कुणी धरायचं यावरनं भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं हातात घेऊन प्रेतयात्रेच्या पुढं चालल्या. बाई! नवऱ्याच्या मयतात पुढं! एक कागलचा यशवंत आणि एक पुण्याचा यशवंत, दोघेही दत्तक. पण पुण्याच्या यशवंताला पिंडासाठी घेतलं नव्हतं. पोर जगावं, शिकावं, डॉक्टर व्हावं म्हणून घेतलं होतं. तो डॉक्टर झाला आणि प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत राहिला. दत्तकाचा अर्थच जोतीरावांनी फिरवला. मुलगा मेलेल्या बापाला तारणारा राहिला नाही, जित्या माणसांना वाचवणारा झाला.

तरी जोतीरावांनी निर्मिक ठेवला होता आणि शाहू महाराजांनी वेद ठेवले होते. मुळाला हात घातला बाबासाहेबांनी.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेब गेल्यावर बाहेर आला. त्याच्या प्रास्ताविकातच ते अडचणीचा प्रश्न स्वतः टेबलावर ठेवतात. बुद्धानं आत्मा नाकारला, आणि बुद्धानं कर्म व पुनर्जन्म मान्य केले असंही म्हणतात. आत्माच नसेल तर कर्म कुणाचं आणि पुन्हा जन्मतं कोण? हा प्रश्न जुना आहे. मिलिंद राजानं नागसेनाला तो विचारला होता, आणि नागसेनानं रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला होता. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या आपल्या कॉलेजला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन म्हटलं, ते उगाच नाही. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही मान राखला.

बाबासाहेबांचं उत्तर थोडक्यात असं. शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांचं. मरणानंतर ही तत्त्वं आपापल्या साठ्यात मिसळतात, नाहीशी होत नाहीत. पुनर्जन्म म्हणायचाच तर तो या द्रव्याचा. 'मी' नावाचा कुणी प्रवासी गाठोडं घेऊन एका पोटातून दुसऱ्या पोटात जात नाही. आणि कर्माचा नियम हा जगाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, तुमच्या मागच्या जन्माची वही नाही. गरिबीला मागचा जन्म जबाबदार धरला की सरकार आणि समाज जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी स्पष्ट दाखवलं. छांदोग्यातली ती रांग आठवा. कुत्रं, डुक्कर, चांडाळ. आत्मा काढून घेतला की ती रांग उभी राहायला जमीनच उरत नाही.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत श्राद्ध-पक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि नव्या जन्माचीही आहे. दोन्ही एकत्र वाचा. मेल्यानंतरचा जन्म सोडला आणि जिवंतपणी नवा जन्म घेतला. कागलचा यशवंतराव एका सकाळी शाहू झाला, तसे लाखो महार एका सकाळी बौद्ध झाले. फरक इतकाच की तिथं परवानगी शास्त्र्यांची होती, इथं आपली आपण.

पण जुना जीव लवकर सुटत नाही. आपण बौद्ध झालो आणि केंद्र सरकारनं सांगितलं की बौद्धाला अनुसूचित जात म्हणता येत नाही. तो आदेश बदलायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! माणूस बदलला, दाखला बदलेना. गावानंही आपल्याला नव्या नावानं हाक मारायला तेवढीच खळखळ केली. म्हणून मी म्हणतो, गीतेतल्या आत्म्याची सगळी लक्षणं जातीला लागू पडतात. जळत नाही, भिजत नाही, शस्त्रानं तुटत नाही, एका शरीरातून दुसऱ्या शरीरात बिनबोभाट जाते. बाप मेला की पोराच्या अंगात शिरते. पोरगा परदेशात गेला तर विमानात बसून मागं जाते. आणि स्मशानातही सुटत नाही. अजून कितीतरी गावांत स्मशानं वेगळी आहेत. या देशात मेल्यावर काय उरतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जात उरते. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला तेव्हा ते या जित्याजागत्या भुताशी भांडत होते.

मग आपलं काय उरतं? नुसतं 'काही नाही' म्हणून भागत नाही. ज्या घरातला माणूस गेलाय, त्या घराला हे उत्तर देता येत नाही.

आपल्याच शहराच्या जमिनीखालून एक उत्तर निघालं होतं. १८८० च्या सुमारास कोल्हापूर गावात एका मोठ्या स्तूपात स्फटिकाचा करंडक सापडला. धातू ठेवायचा करंडक. झाकणावर जुन्या ब्राह्मीत अक्षरं, इसवीसनाच्या आधीची. म्हणजे आजचं तीर्थक्षेत्र व्हायच्या आधी इथं बौद्ध माणसं होती आणि मेलेल्याची आठवण ठेवत होती. कशी ठेवत होती? अस्थी जपून. पिंड नाही, कावळा नाही, पुढच्या जन्माची सोय नाही. हा माणूस होऊन गेला, त्यानं अमुक सांगितलं, त्याच्याभोवती गोळा व्हा. स्तूपाचा अर्थ एवढाच.

दुसरं उत्तर शाहू महाराजांचं. ६ मे १९२२ रोजी ते मुंबईत गेले, वय सत्तेचाळीस. त्यांचा आत्मा कुठं गेला याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यांचं काय उरलं ते मला बोटानं दाखवता येतं. हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना त्यांनी चहाचं दुकान काढून दिलं आणि तिथं थांबून स्वतः चहा प्याले. महाराजांच्या मागं त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं केलं, ते याच गंगाराम कांबळ्यांनी पुढं होऊन, दलितांनी पैसे गोळा करून. राजाचं पहिलं स्मारक कुणा सरदारानं केलं नाही! २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण आंबेडकरांकडं बोट दाखवून अस्पृश्यांना सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळालाय. त्याच वर्षी 'मूकनायक' निघाला, त्याला अडीच हजारांची मदत दिली. दिव्याची ज्योत अशी पुढं जाते. तेल दुसरं, वात दुसरी, उजेड चालू.

तिसरं उत्तर बिंदू चौकात आहे. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन ९ डिसेंबर १९५० ला तिथं जोतीरावांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा शेजारी शेजारी बसवला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. हा पुतळा कुणाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून उभा केलेला नाही. काम चालू असताना, कामाची खूण म्हणून तो उभा राहिला. त्याला नैवेद्य दाखवायला लागलो तर आपण त्याचाही पिंड करू.

आणि चौथं उत्तर सगळ्यात मोठं. ७ डिसेंबर १९५६, दादरची चौपाटी. समोर बाबासाहेबांचा देह, आणि त्याच जागी भदंत आनंद कौसल्यायनांकडून हजारो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. बाबासाहेबांचं ठरलेलं, अर्धवट राहिलेलं काम त्यांच्या देहाच्या साक्षीनं लोकांनी पुढं नेलं. श्राद्ध म्हणतात ते यापेक्षा काय मोठं असणार? आजही सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर सगळ्यात जास्त गर्दी पुस्तकांच्या दुकानांपुढं असते. पोटाला चिमटा काढून आलेली बाई लेकरासाठी पुस्तक घेऊन जाते. तिथं जे चालतंय ते उरणं.

तेव्हा मित्रांनो, वस्तीत मयत झालं की त्या आजीला हसू नका. तिच्या भाताच्या गोळ्यावर लाथ मारून क्रांती होत नाही. तिला भीती आहे ती लोकांच्या प्रश्नाची, म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली होती. प्रश्न चांगला आहे. तो कावळ्यावर सोपवू नका, आपण घ्या. रक्षाविसर्जनाच्या दिवशी बसून विचारा, या माणसाचं काय राहिलं? नातीची फी राहिली? वाट्याच्या जमिनीची केस राहिली? विहाराचं छप्पर राहिलं? गिरणीतल्या साथीदारांची थकबाकी राहिली? एक वही करा, त्यात लिहा, नाव टाका कोण काय करणार, आणि पुढच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती वही सगळ्यांपुढं वाचा.

ज्या वस्तीत ही वही भरत राहील, तिथं आजीला आभाळाकडं बघत उभं राहावं लागणार नाही.

जयभीम.